भुंग्याला नवी चाके

तुमच्या सायकलचे मागचे चाक एकदा नीट न्याहाळून पाहा. चाकाचा आस फ्रेमच्या ज्या खाचेत बसलेला असतो, ती खाच लांबट असते. आसाला पुढे-मागे सरकायला तीत भरपूर जागा असते. चढावर उभे राहून तुम्ही पॅडल मारता तेव्हा साखळी त्या आसाला जोराने पुढे ओढते. तरीही तो जागचा हलत नाही. का? दोन्ही बाजूंचे नट त्याच्या वाटेत आडवे येत नाहीत. ते फ्रेमचा पत्रा दोन्हीकडून दाबून धरतात, एवढेच. नट थोडा ढिला झाला की चाक तिरके होऊन फ्रेमला घासू लागते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल.

मोटारीचे चाकही असेच दाबून धरलेले असते. ते चार-पाच बोल्टांवर लटकलेले असते अशी पुष्कळांची समजूत आहे, पण ती बरोबर नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, तर जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीची चाके बसवण्यातली निम्मी गुंतागुंत सुटते. निष्काळजीपणे बसवलेली चाके चालत्या गाडीतून निखळतात ती का, हेही कळते.

आपण एक खरीखुरी गाडी घेऊ. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. बीटल म्हणजे भुंगा, आणि गाडी दिसतेही तशीच. फर्डिनांड पोर्श यांनी तिचा आराखडा केला आणि शेवटची बीटल मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून २००३ साली बाहेर पडली. पोर्श घराण्याच्या स्वतःच्या मोटारीही प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या ९११ या गाडीसाठी १९६६ साली ओट्टो फुक्स या जर्मन कारखान्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, घडाई करून बनवलेली पाच पाकळ्यांची सुंदर चाके केली. जुन्या बीटलच्या शौकिनांना तेव्हापासून या चाकांचा मोह पडला आहे. पण मोह पडला म्हणून चाक बसते थोडेच!

पहिली अडचण भोकांची. साधारण १९६७ पर्यंतच्या बीटलमध्ये चाकाचे पाच बोल्ट २०५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असत. या वर्तुळाला गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. पोर्श ९११ च्या चाकाला भोके पाचच, पण वर्तुळ १३० मिलिमीटरचे. भोके पाच असली की एकासमोर एक अशी येत नाहीत, मग व्यास मोजायचा कसा? शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. हा आकडा आला कोठून? पाच भोके म्हणजे दर ७२ अंशांना एक भोक. शेजारच्या दोन भोकांमधली जीवा म्हणजे व्यास गुणिले ३६ अंशांची ज्या, म्हणजेच व्यासाच्या ०.५८८ पट. बीटलमध्ये हे अंतर सुमारे १२०.५ मिलिमीटर भरते, पोर्शमध्ये ७६.४. शाळेत शिकलेली भूमिती अशी अचानक गॅरेजमध्ये भेटते.

यावर उपाय म्हणजे ‘अडॅप्टर’. ही धातूची जाड तबकडी असते. बाहेरच्या वर्तुळावरच्या पाच भोकांतून ती गाडीच्या ड्रमला बोल्टांनी आवळायची. आतल्या वर्तुळावर तिचे स्वतःचे पाच स्टड असतात, त्यांवर नवे चाक चढवायचे. दोन्ही वर्तुळांच्या त्रिज्यांत ३७.५ मिलिमीटरचा फरक असल्यामुळे दोघांची गर्दी होत नाही. ‘स्पेसर’ हा तिचा साधा भाऊ. ती नुसती भोके पाडलेली चकती असते. भोके जुळत असली तरी चाक आत कोठे घासत असेल, तर ते बाहेर सरकवण्यासाठी ती मध्ये घालतात आणि तिच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट वापरतात. हे ‘जास्त लांब’ विसरून चालत नाही. २० मिलिमीटरची चकती घालून जुनेच बोल्ट लावले, तर ते पलीकडे जेमतेम पोचतात किंवा पोचतच नाहीत. बोल्ट जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे एकमेकांत गुंतले पाहिजेत असा ठोकताळा आहे. १४ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर अंतराने आटे असलेल्या बोल्टाचे हिशेबाने नऊ फेरे तरी आत गेले पाहिजेत. हाताने फिरवताना फेरे मोजावेत, म्हणजे शंका राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चाकाचा नट पान्याने आवळताना आपण नक्की काय करतो? आपण बोल्टाला ताणतो. बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ती ताणली गेली की मूळ लांबीवर येऊ पाहते आणि त्या ओढीने चाक आणि ड्रम एकमेकांवर दाबले जातात. ही ओढ किती असते त्याचा अंदाज काढता येतो. १४ मिलिमीटरचा स्टड सुमारे १३० न्यूटन-मीटर परिबलाने आवळतात. परिबलाला बोल्टाच्या व्यासाने आणि ०.२ या अनुभवसिद्ध आकड्याने भागायचे. उत्तर येते सुमारे ४६,००० न्यूटन. म्हणजे एकेका स्टडची दाब साडेचार टन वजनाइतकी! (आपल्या हाताचे बहुतेक कष्ट आट्यांतल्या आणि नटाखालच्या घर्षणातच खर्च होतात, ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच आट्यांना तेल चोपडून तेवढ्याच जोराने आवळले तर ताण भलताच वाढतो. तेल लावणे ही येथे काळजी नव्हे, चूक आहे.)

पाच स्टडांची मिळून दाब झाली सुमारे २,३०,००० न्यूटन. धातूवर धातूचा घर्षणांक ०.१५ धरला, तर चाकाला जागेवरून सरकवायला जवळजवळ ३५,००० न्यूटन बल लागेल. चार माणसे बसलेल्या बीटलच्या मागच्या एका चाकावर भार येतो सुमारे ३,३०० न्यूटन. म्हणजे घर्षणाची पकड भाराच्या दसपट आहे. खड्डे, ब्रेक, वळणे हे सारे त्या दसपटीत सामावून जाते. बोल्टांवर आडवा भार येतच नाही म्हटले तरी चालेल.

मग चाके निखळतात कशी? त्या स्टडची ताणलेली लांबी, समजा, ३० मिलिमीटर आहे. पोलादाची स्थितिस्थापकता विचारात घेऊन हिशेब केला, तर एवढ्या प्रचंड ओढीने तो लांबतो फक्त ०.०५ मिलिमीटर. तुमच्या डोक्याचा एक बारीक केस साधारण तेवढाच जाड असतो! साडेचार टनांची सगळी दाब त्या केसभर ताणात साठवलेली असते. आता ड्रम आणि अडॅप्टर यांच्यामध्ये गंजाची खपली राहिली, किंवा कोणी हौसेने तबकडीला दोन्ही बाजूंनी रंग दिला, तर काय होईल? रंगाचा थरही मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका जाड असतो. गाडी चालू लागली, ड्रम तापला, हादरे बसले की तो थर चेपतो. नुसता ०.०२ मिलिमीटर चेपला तरी पकडीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला. पकड पुरेशी घटली की चाक किंचित सरकू लागते. मग बोल्टाला आडवे धक्के बसतात, नट आपोआप फिरू लागतो, आणि जे बोल्ट नुसते ताणण्यासाठी केले होते ते थकून तुटतात. अडॅप्टर घातला की एका सांध्याचे दोन सांधे होतात आणि चेपण्याच्या जागा वाढतात. म्हणून बसणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करतात, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर सगळे नट पुन्हा तपासतात. अडॅप्टरचे आतले बोल्ट तपासायचे तर चाक उतरवावे लागते. बरेच जण हाच कंटाळा करतात आणि तोच अंगाशी येतो.

यात एक गंमत आहे. लांब बोल्ट तेवढ्याच ओढीने जास्त ताणला जातो, त्यामुळे तेवढ्याच चेपण्याने त्याची पकड कमी घटते. म्हणजे लांब बोल्ट हा स्वतःहून दुबळा नाही, उलट अधिक सहनशील आहे. बदनामी स्पेसरची होते, पण दोष बहुधा आखूड बोल्टांचा आणि घाणेरड्या पृष्ठभागांचा असतो.

नटाच्या बसण्याचा आकारही पाहावा लागतो. पोर्शच्या चाकातली बैठक गोलाकार, चेंडूच्या तुकड्यासारखी असते. बाजारातल्या पुष्कळ चाकांची बैठक शंकूच्या आकाराची असते. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तर तो नुसत्या एका कडेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण ती कड दबली की ताण गेला.

भोके जुळली, नट घट्ट बसले, तरी चाकाची जागा बदललेली असते. रिमच्या मध्यरेषेपासून चाक टेकवण्याचा पृष्ठभाग जितका बाहेरच्या बाजूला असतो, त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. समजा, बीटलचे जुने रिम ४ इंच रुंद आणि ऑफसेट ४० मिलिमीटर आहे. फुक्सच्या ६ इंची चाकाचे ऑफसेट ३६ मिलिमीटर असते. त्यातून २५ मिलिमीटर जाडीचा अडॅप्टर वजा केला की उरले ११. म्हणजे चाकाची मध्यरेषा २९ मिलिमीटर बाहेर गेली. रुंदी वाढल्यामुळे रिमची बाहेरची कड तर ५४ मिलिमीटर पुढे आली. ती मडगार्डला लागते की नाही हे सगळेच पाहतात. पण बेअरिंगवर काय बेतते ते दिसत नाही. ३,३०० न्यूटनांचा भार २९ मिलिमीटर लांब सरकला, म्हणजे बेअरिंगला वाकवणारे परिबल सुमारे ९५ न्यूटन-मीटरने बदलले. पुढच्या चाकांचा आणखी एक परिणाम होतो. दार बिजागरीपासून जितके लांब ढकलावे तितके सहज फिरते. तसेच चाक ज्या रेषेभोवती वळते तिच्यापासून टायर लांब गेला, की खड्ड्याचा प्रत्येक झटका स्टिअरिंगला अधिक जोराने फिरवू पाहतो. ब्रेक एका चाकाला जरा जास्त लागला, तर गाडी त्या बाजूला ओढते. म्हणून माझ्या मते, अडॅप्टर शक्य तितका पातळ असावा आणि चाक मुळातच योग्य ऑफसेटचे शोधावे. जर्मनीत असा बदल तपासनीसाकडून मान्य करून घ्यावा लागतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने गाडीतल्या फेरफारांवर बंधने घातली आहेत.

आता कंपासपेटी काढा. नंतरच्या बीटलना पाचऐवजी चार बोल्ट आले, आणि त्यांचे वर्तुळही १३० मिलिमीटरचेच! वाटेल की पोर्शचे चाक आता सहज बसेल. कागदावर १३० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. त्यावर दर ९० अंशांवर चार खुणा करा. त्याच वर्तुळावर, पण निराळ्या शाईने, दर ७२ अंशांवर पाच खुणा करा. दुसऱ्या खुणा कशाही फिरवून पाहा. कोणती तरी एक जोडी ९ अंशांच्या आत येतेच. १३० च्या वर्तुळावर ९ अंश म्हणजे अवघे १० मिलिमीटर, आणि भोक तर १४ मिलिमीटरहून मोठे. दोन भोके एकमेकांत शिरतात. त्यामुळे तेथे अनेक जण अडॅप्टरचा नाद सोडून १३० च्या वर्तुळावर पाच भोके असलेले ड्रमच बसवतात.