भरल्या पोटी शिकार

पाळीव मांजर भुकेपोटी शिकार करतं, त्याला पोटभर खाऊ घातलं की ते चिमण्या-खारींच्या वाटेला जात नाही, हा मांजरांविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. त्याला एक जुळं भावंडही आहे: दुकानात किंवा गोदामात मांजर पाळायचं तर त्याला अर्धपोटी ठेवावं, म्हणजे ते उंदीर नीट मारतं. पहिल्या समजापायी पाखरं मरतात, दुसऱ्यापायी मांजराचे हाल होतात, आणि खरा दोन्हींपैकी एकही नाही.

भूक आणि शिकारीची ऊर्मी एकमेकींवर परिणाम करतात, पण एकीच्या असण्यावर दुसरी अवलंबून नसते. १९७६ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी हे साध्या प्रयोगाने दाखवलं. मांजरं आवडीचं खाणं खात असताना त्यांच्यासमोर उंदीर सोडला. मांजरांनी खाणं टाकलं, उंदीर मारला आणि मग ती पुन्हा आपल्या खाण्याकडे वळली. ताटात जेवण असतानाही शिकार चुकली नाही. खरं तर यासाठी प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही. मांजरं चिचुंदऱ्या मारतात आणि उग्र वासामुळे न खाता तशाच टाकून देतात. दारात पडलेली अख्खी चिचुंद्री पाहूनही ‘भूक लागली असेल बिचाऱ्याला’ असं म्हणणाऱ्यांपुढे मात्र इलाज नाही.

असं का होतं, याचं उत्तर भक्ष्याच्या आकारात आहे. वाघाला एक सांबर काही दिवस पुरतं. मांजराएवढ्या प्राण्याला केवळ शिकारीवर जगायचं तर दिवसाला आठ-दहा लहान उंदीर लागतात, आणि प्रत्येक झडप साधतेच असं नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात रानटी झालेल्या मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधून त्यांच्या शंभरेक शिकारी टिपल्या गेल्या. त्यातल्या साधारण एक तृतीयांश यशस्वी झाल्या. उघड्या माळावर हे प्रमाण ७० टक्के होतं, दाट गवतात आणि खडकाळ जागी १७ टक्के. एवढी बेभरवशाची कमाई असलेल्या प्राण्याने भूक लागेपर्यंत थांबायचं ठरवलं तर तो उपाशीच मरेल. म्हणून समोर हललं की पकडायचं, खायचं की नाही ते नंतर पाहायचं, अशी सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली. याच अभ्यासात मारलेल्या प्राण्यांपैकी २८ टक्के खाल्ले गेले नाहीत, आणि या मांजरांना घरचं खाणं घालणारं तर कुणीच नव्हतं.

ही शिकार जवळून पाहिली तर तिचे टप्पे वेगवेगळे दिसतात. अंगणात साळुंकी उतरली की मांजर जमिनीसरसं होतं, कान पुढे येतात, शेपटीचं फक्त टोक हलत राहतं. थोडं सरकायचं, थिजायचं, पुन्हा सरकायचं. झेपेच्या आधी मागचे पाय जागच्या जागी चाळवले जातात. भक्ष्य तोंडाशी आलं की मिशा पंख्यासारख्या पुढे पसरतात, कारण वीतभर अंतरावरचं मांजराला नीट दिसत नाही आणि चावा कुठे घ्यायचा ते या मिशा सांगतात. सुळे मानेच्या दोन मणक्यांमधली फट शोधून आत जातात. जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पाउल लायहाउझेन यांच्या मते दबा धरणं, पकडणं, मारणं आणि खाणं या प्रत्येकाची ऊर्मी स्वतंत्र असते. जेवणाने शेवटची शमते, आधीच्या तीन तशाच राहतात.

या गैरसमजात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारायचं कारण नाही. मॅक्सीन बायबेन यांच्या १९७९ च्या प्रयोगांत भुकेली मांजरं भक्ष्य मारण्याची शक्यता वाढली. एक्सिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या ३५५ मांजरांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धान्यविरहित, भरपूर मांस-प्रथिनांचं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, तर रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. म्हणजे किती खाल्लं यापेक्षा काय खाल्लं याला महत्त्व आहे, आणि तरीही शिकार घटते, थांबत नाही. दूधभात खाऊन तुडुंब झालेल्या मांजराकडून अहिंसेची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावं लागतं. गोड चव ओळखणारं एक जनुक निकामी असल्याने त्याला गोडी कळत नाही, आणि मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध धड पचतही नाही.

‘आमचं मांजर काही मारत नाही, कधी घरात आणलेलं पाहिलं नाही’ हा पुरावाही टिकत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधल्यावर कळलं, की ४४ टक्के मांजरं शिकार करत होती आणि घरी येत होती ती जेमतेम चतुर्थांश शिकार. बाकीची मारल्या जागी पडून राहिली किंवा तिथेच खाल्ली गेली. ‘एकटं मांजर असं किती मारणार’ याचा हिशेब ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या २०१३ च्या अंदाजात आहे: एकट्या अमेरिकेत मोकाट आणि बाहेर सोडलेली पाळीव मांजरं मिळून वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात. त्यातला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, हेही तिथेच नोंदवलं आहे.

घंटा बांधली की पक्षी वाचतात असं सर्रास सांगितलं जातं. एक्सिटरच्या अभ्यासात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. उंदराशी खेळणं म्हणजे क्रूरपणा, हेही तितकंसं खरं नाही. भूक कमी असली किंवा भक्ष्य मोठं, चावरं असलं की खेळ वाढतो, असं बायबेन यांना आढळलं. उंदराचा चावा डोळ्यावर बसू नये म्हणून त्याला आधी दमवणं शहाणपणाचंच आहे. मांजराला अंधारात सगळं दिसतं, हाही गैरसमजच. मिट्ट काळोखात मांजरालाही दिसत नाही. माणसाला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतका का होईना, उजेड हवाच.

मांजर पाळलं की उंदीर संपले, ही समजूत मात्र शहरांत महागात पडते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात शंभराहून अधिक उंदीर होते. तिथे ७९ दिवस कॅमेऱ्यांनी पाळत ठेवली, तेव्हा मांजरांनी मारलेले उंदीर भरले दोन. उंदीर मांजरांना पाहून दडून बसले, आणि लोकांना वाटलं ते कमी झाले. लहान उंदीर मांजर सहज मारतं, पण घुशीच्या अंगावर जाणारी मांजरं थोडी. गल्लोगल्ली मांजरं असलेल्या मुंबईत महापालिकेला उंदीर मारायला रात्रपाळीची माणसं ठेवावी लागतात, ती उगाच नाही.

मांजर वाघाची मावशी असली तरी भाच्याहून कमी पडते, असंही गृहीत धरलं जातं. कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास करणारे जॉर्ज शॅलर यांच्या अंदाजाने वाघाचे एका शिकारीमागे किमान विसेक प्रयत्न वाया जातात. दक्षिण आफ्रिकेतलं दोनेक किलोचं काळ्या पायांचं रानमांजर साठ टक्के प्रयत्नांत यश मिळवतं आणि एका रात्रीत दहा-चौदा लहान प्राणी-पक्षी मारतं. आपल्याकडचं रानमांजर, म्हणजे बाऊल, कोंबड्या पळवतं म्हणून बदनाम आहे. कोंबडी मिळाली तर ते सोडत नाही हे खरं, पण त्याचं मुख्य अन्न उंदीरच. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खातं. शेताच्या बांधावरचा हा फुकटचा राखणदार काठ्या-दगडांनी मारला जातो.

उसाच्या फडात सापडलेली ठिपकेदार पिल्लं बिबट्याचीच, हा पश्चिम महाराष्ट्रातला नेहमीचा घोळ. ऊसतोडीच्या दिवसांत जुन्नरसारख्या भागात सापडणाऱ्या पिल्लांत रानमांजराची आणि वाघाटीचीही असतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढीनंतरही जेमतेम एक-दीड किलोचं. कपाळावरून मागे जाणाऱ्या रेघा आणि अंगावरचे ओळीने आलेले तांबूस ठिपके ही त्याची ओळख. अशी पिल्लं घरी नेऊन दुधावर वाढवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिल्लांना हात न लावता, तोड थांबवून वनखात्याला कळवावं. ती सापडल्या जागीच सुरक्षित ठेवली तर अंधार पडल्यावर आई येऊन त्यांना मानेला धरून उचलून नेते, असा या भागातल्या वनकर्मचाऱ्यांचा आणि बचाव पथकांचा अनुभव आहे.