जुन्या संसर्गावरचा आळ
शरीरातले भाडेकरू : लेखांक ७

उचगावात आमच्या गल्लीत दुपारची भांडी आवरली की बायका उंबऱ्यावर येऊन बसतात. मागच्या महिन्यात अशाच एका दुपारी शेजारची सून हातात रिपोर्टाची पिशवी घेऊन आली. "काकी, जरा बघा की हे. टॉर्च पॉझिटिव्ह आलाय म्हणं." लग्नाला चार वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत पोट पडलं. रिपोर्टातल्या एका ओळीखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ मारली होती. ती पाहून घरात निवाडाही होऊन गेला होता. सासूबाईंनी माळ्यावरची मांजरी पोत्यात घातली आणि वळिवड्याच्या बाजूला उसात नेऊन सोडली. सुनेला मात्र कुठं सोडणार? तिच्या अंगातच 'ते' आहे, असं आता घरातले सगळे धरून चालले होते.

मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. ती लाल रेघ पाहून मला राग आला. रेघेवरच्या आकड्याचा खरा अर्थ घरात जो लावला गेला, त्याच्या जवळजवळ उलटा आहे. म्हणून ठरवलेला जंतांवरचा लेख पुढं ढकलून आज हा विषय घेतला आहे.

टॉर्च हे आद्याक्षरांचं नाव आहे. गर्भाला बाधू शकणारे काही संसर्ग एका यादीत घातले आणि त्यांची चाचणी एकत्र होऊ लागली. त्यातला 'टी' म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा. बाकीच्यांत रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस हे विषाणू आहेत, तर टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला. आकार किंचित वाकलेला, म्हणून धनुष्याच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. माणसाच्या नवजात बाळाला तो आईकडून मिळतो, हे १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सिद्ध झालं. तो पसरतो कसा, हे कोडं मात्र आणखी तीस वर्षं सुटलं नाही. १९७० च्या सुमारास उत्तर मिळालं ते मांजरात. त्या शोधात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जितेंदर दुबे यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण भारतात घेतलं होतं.

या जिवाचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. मांजर उंदीर खातं, परजीवी आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून त्याची अंडीवजा बीजं लाखोंनी बाहेर पडतात. मात्र हे चालतं एक ते तीन आठवडे, आणि तेही बहुधा आयुष्यात एकदाच, मांजर पहिल्यांदा शिकारीला लागतं त्या वयात. ताजी विष्ठा बाधतही नाही. बीजं पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. त्यानंतर ओलसर मातीत ती वर्षभरसुद्धा तग धरतात. म्हणजे माळ्यावर वर्षानुवर्षं झोपणाऱ्या त्या म्हाताऱ्या मांजरीपासूनचा धोका फार थोडा होता. खरा धोका मातीत आहे, आणि ती माती कुणाच्या मालकीच्या मांजराची नसते.

आपल्या पोटात हा जीव दोन वाटांनी शिरतो. एक वाट माती, पाणी आणि न धुतलेल्या भाजीची. दुसरी कच्च्या मांसाची, कारण शेळ्यामेंढ्यांच्या स्नायूंतही त्याच्या गाठी असतात. शिरल्यावर पहिले काही आठवडे तो भराभर वाढतो आणि रक्तातून सगळीकडे पोचतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. फार तर मानेत गाठी येतात, थोडी कणकण वाटते. मग शरीर जागं होतं, प्रतिपिंडं तयार होतात, संरक्षक पेशी त्याला ओळखायला शिकतात. उघड्यावर सापडलेला प्रत्येक परजीवी मारला जातो. जे उरतात ते मेंदूत आणि स्नायूंत सूक्ष्म कवचं करून बसतात, ते जन्मभरासाठी. यालाच सुप्त संसर्ग म्हणतात. मध्येच एखादं कवच फुटलं, तरी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसात बाहेर आलेल्याचा तिथंच निकाल लागतो.

आता गर्भारपणाकडे येऊ. बाळापर्यंत पोचायचं तर परजीवीला आईच्या रक्तातून वार ओलांडावी लागते. रक्तात तो मोकळा फिरतो तो पहिल्या संसर्गाच्या त्या काही आठवड्यांतच. म्हणून धोका असतो तो गर्भारपणात, किंवा दिवस जाण्याच्या अगदी आधी, आयुष्यात पहिल्यांदा लागण होणाऱ्या स्त्रीच्या बाळाला. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, शंभरात दहा-पंधरा. पण पोचली तर इजा भारी. गर्भ पडतो, डोक्यात पाणी साठतं, मेंदूत चुन्याचे ठिपके उमटतात, डोळ्याचा पडदा जळतो. शेवटच्या तीन महिन्यांत गणित उलटं होतं. शंभरात साठाहून जास्त बाळांना लागण होते, पण बहुतेक जन्मताना ठणठणीत दिसतात. त्यांतल्या काहींची नजर पुढं, ऐन विशीत, मंदावते. या आजारातली ही गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करते, कारण तोवर आईच्या गर्भारपणाची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

आणि जिला जुना, निजलेला संसर्ग आहे? तिच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाची राखण करतात. एचआयव्हीसारख्या आजारानं किंवा काही औषधांनी प्रतिकारशक्ती फार खचलेली असेल, तर निजलेला परजीवी जागा होऊ शकतो. हा अपवाद खरा आहे, पण विरळ. एरवी जुना संसर्ग असलेल्या बाईला टॉक्सोप्लाझ्माची भीती जवळजवळ नाहीच.

यातूनच पुढचं सरळ निघतं. पहिली लागण माणसाला एकदाच होते. त्यामुळे टॉक्सोप्लाझ्मानं एखादा गर्भ पडू शकतो, पण एकीमागून एक असे गर्भ पडण्याचं कारण तो सहसा असूच शकत नाही. शेजारच्या सुनेची पहिली खेप समजा त्यानं गेली असती, तर दुसऱ्या खेपेला तीच प्रतिपिंडं तिच्या बाजूनं उभी होती. दोनदा पोट पडलेल्या बाईची टॉर्च करून त्यावर थांबणं म्हणजे चोर एका घरात आणि पंचनामा दुसऱ्या घरात.

रिपोर्ट वाचायचा कसा, तेही सांगते. त्यावर दोन ओळी असतात. आयजीजी म्हणजे जुन्या ओळखीची प्रतिपिंडं, आयजीएम म्हणजे ताज्या झटापटीची. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर बहुधा संसर्ग जुना असतो. त्या सुनेचा रिपोर्ट नेमका असाच होता आणि लाल रेघ आयजीजीखाली होती. देशभरातल्या सुमारे दीड हजार स्त्रियांच्या रक्ताची एक पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे २२ टक्के जणींत आयजीजी सापडलं. दक्षिणेत सर्वांत जास्त, ३७ टक्के, आणि पश्चिम भागात सर्वांत कमी, ९ टक्क्यांच्या आसपास. अशा कितीतरी आयाबायांनी मुलांना जन्म दिला आहे, वाढवलं आहे. आपल्याकडे काळजी करायची तर या जुन्या संसर्गाची नव्हे. आपल्या भागातल्या बहुसंख्य मुलींना लागण झालेलीच नसते. त्यांना ती नेमकी गर्भारपणात होऊ नये, ही खरी काळजी.

आयजीएमही फसवं आहे. लागण होऊन गेल्यावर ते कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, रक्तात रेंगाळतं. अमेरिकेत पालो आल्टोच्या एका संदर्भ प्रयोगशाळेनं, इतरत्र आयजीएम पॉझिटिव्ह ठरलेल्या आठशेहून अधिक गर्भवतींची फेरतपासणी केली. जवळपास साठ टक्के जणींना अलीकडची लागण नव्हतीच. अशा वेळी अ‍ॅव्हिडिटी नावाची चाचणी मदतीला येते. प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे, हे ती मोजते. पकड घट्ट असेल तर लागण निदान चार महिन्यांपूर्वीची. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा निकाल मिळाला, की बाळ सुटलं. उलट लागण ताजी ठरली, तर स्पायरामायसिनसारखी औषधं आहेत, अठरा आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी आहे. एका ओळीवरून गर्भ पाडायचा निर्णय कुणी घेऊ नये, आणि कुणी भरीला पाडलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. फ्रान्समध्ये १९७८ पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तिथं ज्यांना आधी लागण झालेली नाही, अशा गर्भवतींची पुन्हापुन्हा तपासणी होते. एकाच चाचणीवर फैसला होत नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाला घाबरू नका. ६७ अंशांवर या परजीवीची कवचं मरतात आणि आपलं मटण तर तासभर रटरटतं. जपायचं ते शिजण्याआधी. मटण धुताना, खिमा कालवताना हाताला चीर असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यावं. ज्या विळीवर मटण कापलं, तिच्यावरच न धुता कांदा-कोथिंबीर चिरू नये. निखाऱ्यावरची अर्धीकच्ची कलेजी पोटुशीला देऊ नये. 'रक्त वाढतं' म्हणून ती आवर्जून दिली जाते, हे मला ठाऊक आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा कोल्हापूरचा जिव्हाळ्याचा विषय, पण या नऊ महिन्यांत दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हा जंतू तर गर्भाला वेगळाच त्रास देतो.

आणि पाणी. कोइमतूरमध्ये २००४-०५ च्या सुमारास अडीचशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत अचानक हाच आजार उतरला. संशय नळाच्या पाण्यावर गेला. क्लोरिननं ही बीजं मरत नाहीत, उकळल्यानं मरतात. पंचगंगेला पूर येऊन ओसरला की क्लोरिनवाल्या मेडिक्लोरचे थेंब घालून आपण निर्धास्त होतो. गर्भवतीच्या तांब्यात मात्र उकळून गार केलेलंच पाणी असावं. मळ्यात भांगलायला जाणाऱ्या बाईनं बांधावर भाकरी खाण्याआधी साबणानं हात धुवावेत. हात धुवायला पाणी आणि साबण शेतात नेऊन ठेवणं, हे घरातल्या पुरुषांनी करावं.

त्या दुपारी मी तिला एवढंच सांगितलं, की तुझं आयजीजी जन्मभर पॉझिटिव्हच राहणार, त्याची गोळी नाही आणि गरजही नाही. दोनदा पोट पडलंय, तर थायरॉइड बघ, साखर बघ. गर्भाशयाचा आकार आणि रक्त गोठवणारी काही प्रतिपिंडं यांविषयी डॉक्टरांना विचार, आणि नवऱ्यालाही तपासणीला घेऊन जा, गुणसूत्रं दोघांची असतात. "त्येंचीबी तपासणी?" तिनं विचारलं. सोमवारी दोघं सीपीआर रुग्णालयात जाऊन आले. तिची थायरॉइडची चिठ्ठी आता माझ्यासमोर आहे. आकडा वाढलेला आहे, आणि त्यावर रोज सकाळी अनशापोटी घ्यायची एक स्वस्त गोळी मिळते.