माता रमाई : त्याग, श्रम आणि यवतमाळ जिल्ह्यातील लोकस्मृती

प्रस्तावना :
दरवर्षी ७ फेब्रुवारीला यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या बुद्धविहारांतून माता रमाईंची जयंती साजरी होते. या कार्यक्रमांत स्त्रियांचा पुढाकार असतो आणि त्यांपैकी पुष्कळजणी निंदण व कापूस वेचणीच्या मजुरीवर संसार करणाऱ्या असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई यांचा जन्म कोकणात आणि मृत्यू मुंबईत झाला. तरीही कापसाच्या या प्रदेशातील कष्टकरी स्त्रीला त्या आपल्या घरातील वाटतात. या आपलेपणाचे कारण शोधण्याचा आणि 'त्यागमूर्ती' या रूढ विशेषणात रमाईंचे कार्य पूर्णपणे सामावते काय, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवनपट :
रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळील वणंद येथे झाला. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचे व्यवहार संपल्यानंतर, त्यांचा विवाह झाला. १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी परदेशी होते. त्या वर्षांत परळच्या चाळीतील संसाराची ओढाताण रमाबाईंनी सोसली. पाच अपत्यांपैकी केवळ यशवंत जगले. धाकट्या राजरत्नाचा मृत्यू १९२६ मधील. दादरच्या 'राजगृहा'त त्यांना अखेरचा अल्प काळच लाभला. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्याग की श्रम ? :
रमाईंविषयीच्या लेखनात सोशिकपणाचे गुणगान विपुल आढळते. त्यात त्यांच्या श्रमाचे मूल्य मात्र झाकले जाते. बाबासाहेबांची भूमिका येथे लक्षणीय ठरते. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारता'तील आपल्या लेखात, स्वतःच्या विपन्नावस्थेत पत्नीने डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या, याचा त्यांनी उघड उल्लेख केला आणि अशा पत्नीला आपण दिवसातला अर्धा तासही देऊ शकलो नाही, अशी खंत व्यक्त केली. एका नेत्याने आपल्या विद्वत्तेमागील स्त्रीश्रमाचे ऋण वृत्तपत्रातून मान्य करणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथही त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

सांस्कृतिक वारसा :
रमाईंच्या स्मृतीत एक विलक्षण गुंतागुंत आहे. त्यांना पंढरपूरच्या विठ्ठलदर्शनाची आस होती. जेथे अस्पृश्याला देवळाबाहेरच उभे राहावे लागते तेथे जाण्यास बाबासाहेबांनी नकार दिला. त्यांच्या निधनानंतर साडेचार महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि १९५६ मध्ये नागपूर येथे दीक्षा समारंभ झाला. रमाबाई बौद्ध होऊ शकल्या नाहीत, पण बौद्ध समाजाने त्यांना 'माता' मानले. जात्यावरच्या ओव्या, भीमगीते आणि यशवंत मनोहर यांची 'रमाई' ही कादंबरी यांतून हे नाते दृढ झाले. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या राज्य शासनाच्या घरकुल योजनेसही त्यांचेच नाव आहे. ज्या स्त्रीच्या संसाराची बहुतेक वर्षे चाळीत गेली, तिच्या नावाने आज गावात पक्के घर उभे राहते, हे अर्थपूर्ण आहे.

यवतमाळच्या मजूर स्त्रीला रमाई जवळच्या वाटण्याचे कारण येथे सापडते. थोरांच्या चरित्रांत तिला स्वतःचे काम क्वचितच दिसते. रमाईंच्या चरित्रात ते दिसते. डोक्यावरची पाटी, उसनवारी, आजारी मूल आणि मुलांनी शिकावे ही जिद्द तिच्या परिचयाची आहे.

समारोप :
रमाईंचा गौरव केवळ सोशिकतेपुरता राहिला, तर तो आजच्या स्त्रीलाही सोसण्याचाच उपदेश ठरेल. त्यांच्याकडे श्रमिक स्त्री म्हणून पाहिल्यास प्रश्न बदलतो : कुटुंबातील एकाच्या शिक्षणाची किंमत कोण चुकवते ? आपल्या महाविद्यालयांत अशा अनेक विद्यार्थ्यांचे शुल्क आईच्या वेचणीच्या मजुरीतून येते. त्या विद्यार्थ्यांना रमाई शिकविताना त्यांच्या आईच्या श्रमाचीही नोंद व्हावी. रमाईंच्या वारशाचा अभ्यासक्रमातील खरा उपयोग हाच होय.