थंडीला हलकं समजू नका

बीडच्या उन्हाळ्याची धास्ती सगळ्यांना. थंडी मात्र आपण नुसती सोसतो. 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 13 देशांच्या अभ्यासात (त्यात भारत नव्हता) उष्णतेपेक्षा थंडीचे बळी सुमारे 17 पट निघाले. उष्माघात लगेच दिसतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, छाती भरते. माणूस कधी आठवड्याने जातो, मग थंडीचं नाव कोण घेणार?

ऊसतोडीला गेलेली आपली पारधी, भिल्ल कुटुंबं नेमकी तेव्हाच कोपीत असतात. मी तिथे गेले की आधी बाळाचे पाय चाचपते. गार लागले तर टोपरं घालून आईच्या उघड्या छातीशी धरायला सांगते. जन्मल्यावर एक दिवस अंघोळ नको. कोपी बंद करून शेगडीही नको. धूर नसला तरी निखाऱ्याचा वायू झोपेतच मारतो.