पारख ट्रामची

माल ताब्यात घेण्यापूर्वी तो पारखून घ्यावा, हा व्यापाराचा जुना दंडक आहे. पोत्याच्या तळातील मूठभर धान्य पाहिल्याशिवाय जाणता व्यापारी सौदा पुरा करीत नाही. परंतु खरेदीची वस्तू तीस मीटर लांबीची, विजेवर धावणारी ट्राम असेल, तर तिची पारख कशी करावी? कॅनडातील टोरांटो शहराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

टोरांटोच्या परिवहन मंडळाने २००९ मध्ये बॉम्बार्डिए कंपनीकडे २०४ नव्या ट्रामगाड्यांची मागणी नोंदविली. पाच जोडभागांची व बुटक्या तळाची ही गाडी जुन्या गाडीच्या दुप्पट लांब होती. मात्र कारखान्यातील तयार नमुना येथे जसाच्या तसा चालणारा नव्हता. या शहराच्या रुळांतील अंतर १४९५ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण अंतरापेक्षा ६० मिलिमीटर अधिक. काही वळणे अवघ्या ११ मीटर त्रिज्येची. आणि सांध्यांना दोनऐवजी एकच सरकती पट्टी. त्यामुळे गाडीची बांधणी या रुळांसाठी स्वतंत्रपणे करावी लागली.

पहिली नमुना गाडी २०१२ मध्ये दाखल झाली. त्यानंतर नमुना गाड्या प्रवाशांविना रस्त्यावर धावल्या. अशा चाचण्यांत वळणावर गाडीचे अंग फलाटास वा खांबास घासते काय, चढावर ती थांबून पुन्हा निघते काय, भरल्या वजनानिशी किती अंतरात थांबते, दारे व चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार नीट चालतो काय, हे एकेक करून तपासले जाते. चालकांचे शिक्षणही त्याच काळात होते. अखेर ३१ ऑगस्ट २०१४ रोजी स्पडायना मार्गावर प्रवाशांना प्रवेश मिळाला.

खरी कसोटी मात्र पुढे लागली. मेक्सिकोतील कारखान्यातून येणारे सांगाड्याचे भाग नीट जुळेनात आणि पुरवठा रखडला. जुन्या गाड्या वारंवार बंद पडत होत्या, प्रवासी ताटकळत होते. अशा वेळी सदोष गाड्या पदरात पाडून घेण्याचा मोह साहजिक होता. मंडळाने निकष सैल केले नाहीत. उलट २०१५ मध्ये विलंबाबद्दल पाच कोटी डॉलर नुकसानभरपाईच्या दाव्याचा ठराव केला. २०४ वी गाडी येण्यास २०२० चा जानेवारी उजाडला.

इतकी दक्षता घेऊनही २०१८ मध्ये ६७ गाड्यांत जोडकामाचे दोष आढळले. गाड्या तत्काळ धोकादायक नव्हत्या, पण त्यांचे आयुष्य घटले असते. म्हणून त्या टप्प्याटप्प्याने दुरुस्तीसाठी परत धाडण्यात आल्या. काही दोष पहिल्या पारखीत दिसत नाहीत; त्यांच्यासाठी करारातील हमीची कलमेच कामी येतात.

व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लेटर ऑफ क्रेडिटच्या व्यवहारात बँक केवळ कागदपत्रे तपासते, माल नव्हे. कागद बिनचूक असले की पैसे चुकते होतात. म्हणून तपासणीची पद्धत, माल नाकारण्याचा अधिकार, विलंबाचा दंड आणि हमीची मुदत ही कलमे सही करण्यापूर्वीच ठरवावीत. रक्कम हातून गेल्यावर केलेली पारख बहुधा पश्चात्तापापुरतीच उरते.