चिपाडाचा बैल

धाराशिवकडं रब्बी ज्वारीची काढणी उरकली की पोरांच्या हाती चिपाडं येतात. साल सोलायची, आतलं पांढरं भेंड कापायचं, सालीच्याच काड्या टोचून जोडायचं, की झाली गाडी. बैलांना तर एवढाही खटाटोप नको. दोन तुकडे जुवाखाली ठेवले की ते सर्जा-राजा. पण तुकड्याचा बैल होतो तो मुलाच्या डोक्यात, आणि तिथं तो एका दिवसात होत नाही.

वर्षाचं मूल रिकामी वाटी तोंडाला लावून प्यायल्यासारखं करतं. वाटी खरी, पिणं लटकं. दीडेक वर्षाचं झालं की तीच वाटी बाहुलीच्या तोंडाशी जाते. दोनच्या पुढं वाटीचीही गरज संपते, करवंटी चालते. आणखी काही महिन्यांनी नुसती ओंजळ पुरते. समोर नसलेली गोष्ट मनात धरायची आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवायचं, ही ती करामत. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्याच मुलांकडं बारकाईनं पाहून 1945 च्या पुस्तकात ती मांडली. बोलणं आणि चित्र काढणंही याच मुळातून फुटतं, असं त्यांचं म्हणणं.

लेव व्हिगोट्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात काठीचा घोडा घेतला. मूल ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवतं आणि काठीवर चढवतं. काठी म्हणजे त्या अर्थाला टेकायला मिळालेला खुंटा. मात्र खुंटा कसलाही चालत नाही. काठीवर टांग टाकता येते, पोस्टकार्डावर नाही, म्हणून लहान मुलाच्या लेखी पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. चिपाडाचा बैल जुंपता येतो, ओढता येतो. आणि गोठ्यातल्या म्हशीनं तो चघळला तर पोर भोकाड पसरेल, पण म्हशीनं बैल खाल्ला याचं नवल त्याला वाटणार नाही. चिपाड ते चिपाडच, हे त्याला सगळा वेळ ठाऊक असतं.

एका वस्तूकडं असं दुहेरी पाहणं सोपं नाही. जुडी डिलोच यांनी 1987 मध्ये खोलीची छोटी प्रतिकृती केली आणि मुलांसमोर तिच्यात एक इवलं खेळणं लपवलं. मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी होतं. तीन वर्षांची मुलं थेट तिथं गेली. अडीच वर्षांच्या बहुतेकांना ते जमलं नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पाच दगड मांडतात. अडीच वर्षांचं पोर त्यातला एक भिरकावायला निघतं आणि चार वर्षांची बहीण त्याला दटावते, ‘आरं, पांडव हायेत ते!’ फरक तोच.

खेळानंच बुद्धी वाढते, असं मात्र छातीठोक सांगू नये. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा तसा पुरावा तोकडा निघाला. भाषा, गोष्ट सांगणं यांच्याशी नातं दिसतं, पण कोणामुळं कोण, हे ठरत नाही.

डिलोच यांचा आणखी एक प्रयोग मला बालवाडीच्या दृष्टीनं अधिक कामाचा वाटतो. तीच प्रतिकृती काचेमागं ठेवली, हात लावायची सोय काढून घेतली, तर अडीच वर्षांच्या मुलांनाही खेळणं जास्त सापडू लागलं. वस्तू खेळायला जितकी मोहक, तितकी तिच्या पलीकडची गोष्ट दिसणं अवघड. डोळे आणि शेपूट लावलेला प्लास्टिकचा ‘क’ विकत घेण्याआधी पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं.