सोयाबीनचे कुलूप

विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात सोयाबीनची शेते तुम्ही पाहिली असतील. या दाण्याच्या वजनात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. हरभऱ्यात प्रथिने जेमतेम निम्मी! तरीही हरभरा आपण नुसता भिजवूनसुद्धा खातो. सोयाबीन मात्र तसे खात नाहीत. का बरे?

कारण या खजिन्याला कुलूप आहे. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे लहान आतड्यात तुकडे होतात. ते काम करणाऱ्या विकरांपैकी एक म्हणजे ट्रिप्सीन. कच्च्या सोयाबीनमधील एक प्रथिन या ट्रिप्सीनला घट्ट चिकटून बसते आणि त्याचे काम बंद पाडते. मग खाल्लेली प्रथिने नीट पचत नाहीत.

चीनमधील शेतकऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पण किल्ली त्यांना सापडली होती! ती म्हणजे उष्णता. अंडे उकडले की त्याचा पांढरा बलक जसा बदलतो, तशी उष्णतेने या प्रथिनाची घडी मोडते आणि त्याला ट्रिप्सीन अडवता येत नाही. चिनी लोक दाणे शिजवून खात, शिजवलेले दाणे आंबवून टिकवत. दाणे भिजवून, वाटून काढलेले दूध उकळून नासवले की पनीरसारखे ‘तोफू’ तयार होई. १९७२ साली चीनमधील चांगशा शहराजवळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील एक थडगे उकरले, तेव्हा त्यात आंबवलेले सोयाबीन मिळाले. हेच आंबवलेले दाणे चिनी वैद्य तापावरच्या काढ्यातही वापरीत.

या किल्लीचे रहस्य उलगडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९१७ साली ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांना आढळले, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. १९४५ साली कुनिट्झ यांनी ते अडवणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले.

तोवर दुसरा खजिनाही उघडला होता. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते. सोयाबीन तेलाच्या एका टाकीत पाणी शिरले आणि त्यात पांढरा घन पदार्थ जमला. ज्युलियन यांनी तो ओळखला. तेलातील त्या स्टेरॉलपासून १९४० च्या सुमारास त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार केले. गर्भपात टाळण्यासाठी त्या काळी ते वापरले जाई.

आता एक घरचे काम. तुमच्याकडे गव्हात सोयाबीन मिसळून दळण नेतात का? मग आईला विचारा, दाणे आधी उकळून वाळवले होते का? तव्यावर पोळी क्षणभरच राहते. तेवढ्या उष्णतेवर विसंबू नका. कुलूप गिरणीत जाण्यापूर्वीच उघडलेले बरे!